राजाला टिचकी मारत नाहीत

फ्रान्सच्या राजानं नाण्यातली चांदी कमी केल्याची बातमी मला ऑकलंडच्या न्यू लिनमध्ये, मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना कळली.

काका स्लीपआउटच्या, म्हणजे अंगणातल्या सुट्या खोलीच्या, दारात उभे होते. हातात चहाचा मग, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि जँडल्सच्या आत लोकरीचे मोजे, अंगठ्याजवळ चिमटा बसलेले. "कळलं का," ते म्हणाले, "फिलिपनं पुन्हा हात मारला."

"कोण फिलिप?" मला वाटलं त्यांच्या डेपोतला सुपरवायझर असेल.

"चौथा. लुईचा नातू. आजोबांनी एवढं चोख नाणं पाडलं आणि हा देखणा पोरगा त्यात तांबं ढकलतोय. लढाया करायच्यात ना त्याला." मग त्यांनी वायटाकरेच्या डोंगराकडे पाहिलं. ढग निम्म्या उतारापर्यंत आले होते. "चादरी आत घे. दहा मिनिटांत येतोय," म्हणाले आणि आत गेले.

पाऊस बरोबर दहा मिनिटांनी आला. बातमी मात्र सातशे वर्षांपूर्वीची होती.

त्यांची आठवण मला अशीच येते, धड कुठल्याच सालात नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असतो, खाडीकडून चिखलाचा वास येत असतो, आणि एक माणूस मला फ्रान्समधल्या तूर नावाच्या गावातल्या टांकसाळीतली सकाळ सांगत असतो. तूर जणू न्यू लिनच्या पुढचा स्टॉप. मला स्वप्नाळूपणा जमत नाही. चार वर्षं मी एका संघटनेसाठी पत्रकं लिहितेय. पत्रकात पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत जबाबदार कोण, तिसऱ्या ओळीत सभा कुठे. काकांना या तीन ओळींत बसवायचा मी प्रयत्न केला होता. तेच सांगायचंय.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. आमच्या मागच्या खोलीतले भाडेकरू. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी बारा वर्षं दवाखाना चालवला होता. लग्न राहून गेलं होतं. पेपरातली जाहिरात वाचून अर्ज भरला, पॉइंट मोजले गेले, व्हिसा आला. आता हे नीट ऐका, कारण यावर मी अजून तापते. या देशानं त्यांना आत घेताना डॉक्टरकीच्या डिग्रीचे पॉइंट दिले. आणि आत घेतल्यावर सांगितलं, तुमची डिग्री इथं चालत नाही. मोजताना खरी, वापरताना खोटी. मग परीक्षा, मग ट्रेनिंगची जागा, जी नव्हतीच. असे डॉक्टर तेव्हा ऑकलंडमध्ये टॅक्सी चालवत होते, पिझ्झा पोचवत होते. काका पेनरोजच्या एका डेपोत खोकी पॅलेटवर रचून त्यांना प्लॅस्टिक गुंडाळायचे.

माझी आई हॉस्पिटलात नर्स. तिच्या डिग्रीचं निभलं होतं, त्यामुळे ती काकांशी जरा अपराध्यासारखी वागायची. "डॉक्टर" म्हणून हाक मारायची, मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.

पण काकांचा हट्ट असा की ते डॉक्टरकी करायचेच नाहीत. औषधाचं नाव घ्यायचे नाहीत. डेपोतला एक जाडजूड सामोअन माणूस सुजलेला पाय घेऊन त्यांच्याकडे आला, "डॉक, जरा बघ ना." काका म्हणाले, तुझ्या जीपीकडे, फॅमिली डॉक्टरकडे जा, आजच जा, मी तुला गाडीपर्यंत सोडतो. पायाकडे बघितलंसुद्धा नाही. तो म्हणाला, हा कसला डॉक! एका हिवाळ्यात आईला सणकून ताप भरला. काका दारात उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधून, एका हातानं दुसऱ्याचं मनगट पकडून. आई चिडली. "अहो, निदान नाडी तरी बघा!"

"ही माझी हद्द नाही, ताई," ते म्हणाले. फोन करून त्यांनी जीपीला बोलावलं आणि तो येईपर्यंत तसेच दारात उभे राहिले. पाऊण तास. हात पाठीमागेच. मला तेव्हा वाटलं, काय भित्रा माणूस आहे.

आता नाण्यांचं.

एव्हनडेलला रविवारचा बाजार भरतो. तारोचे कंद, मेथीच्या जुड्या, जुनी हत्यारं, मेलेल्या माणसांचे कोट. तिथे एका बाईकडे बटणांचा पत्र्याचा डबा होता. काकांनी तो उचलला, कानाशी नेऊन हलवला, आणि तसेच थांबले. डोळे मिटून पुन्हा हलवला. बाई म्हणाली, "टू बक्स, मेट. बटणांसकट."

काकांचे वडील सोनार होते. सोनाराच्या घरात मुलं चालायच्या आधी ऐकायला शिकतात, असं ते म्हणायचे. बटणांच्या खडखडाटात त्यांना चांदी ऐकू आली होती. घरी येऊन डबा पालथा केला तर बटणांत सात नाणी निघाली, काळी, बोटाला डाग लावणारी. सहा लहान, पातळ, सुकलेल्या पानासारखी. एक मोठं. लायब्ररीतून पुस्तकं मागवून त्यांनी तीन महिन्यांत शोध लावला. लहान ती दनिये, आणि मोठं ते ग्रो, तूर गावच्या नावाचं, नवव्या लुई राजाचं. हाच राजा पुढे संत म्हणून पुजला गेला.

झालं. काका पेनरोजला जायचे, पण राहायचे तेराव्या शतकात.

संध्याकाळी टेबलावर पांढरा रुमाल पसरायचे. वडिलांचा पितळी तराजू काढायचे. वजनं म्हणून त्यांच्याकडे गुंजा होत्या, पण त्या विमानतळावर काढून घेतल्या गेल्या. बी आहे, रुजेल, म्हणे. "तराजू घेऊन जा म्हणाले, वजनं ठेवा," काका सांगायचे. यावर मी लगेच पत्रक काढायला तयार होते. ते हसायचे आणि बासमतीचे दाणे मोजून पारड्यात टाकायचे. मग एकेक दनिये नखावर घेऊन टिचकी मारायची, कानाजवळ धरायचं. "हे खोकल्यासारखं वाजतं. यात चांदी थोडी, तांबं फार. पण यात फसवणूक नाही हं. सगळ्या राज्याला माहीत होतं की दनिये असंच असतं. काळा पैसा म्हणायचे त्याला, अगदी उघड उघड."

मोठ्या नाण्याला मात्र त्यांनी कधी टिचकी मारली नाही. ते फक्त कडेनं धरायचे, उजेडात फिरवायचे. एका बाजूला क्रूस आणि अक्षरांची दोन कडी. बाहेरच्या कड्यात लिहिलेलं, आपल्या प्रभूचं नाव धन्य असो. दुसऱ्या बाजूला एक किल्ला, जो मला पहिल्यांदा पाहिला तेव्हा तुळशीवृंदावन वाटला होता. भोवती लिलीची बारा फुलं.

"बाराच का?"

"कारण बारा लहान म्हणजे एक मोठं. वाचता न येणाऱ्या बाईनं बोट ठेवून फुलं मोजावीत आणि बाजारात फसू नये. काय डोकं आहे बघ! पत्रक असं लिहावं."

"मग वाजवा की हे पण."

"राजाला टिचकी मारत नाहीत," काका म्हणाले आणि त्यांनी रुमालाची घडी घातली.

मला ते 'पत्रकवाली' म्हणायचे. माझ्या पत्रकातली उद्गारचिन्हं मोजायचे. "आज अकरा आहेत. एक वाढव, म्हणजे शिलिंग होईल." डेपोत स्मोकोच्या, म्हणजे चहाच्या सुट्टीत त्यांचं हेच चालायचं. जुन्या लोकांना पौंड-शिलिंग-पेन्स आठवत होते. काका त्यांना सांगायचे की बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगचा पौंड ही शार्लमेन नावाच्या सम्राटाची मांडणी, पौंडभर चांदीतून दोनशे चाळीस दनिये. म्हातारा फोर्कलिफ्टवाला म्हणाला होता, "ब्लडी हेल, डॉक! मला वाटायचं ते सगळं शाळेतल्या मास्तरांनी आम्हाला छळायला काढलं."

एकदा मी त्यांच्याशी भांडले. आमच्या संघटनेची सभा होती, परदेशी डॉक्टरांच्या हक्कांची, आणि काका येत नव्हते. मी म्हटलं, काका, तुम्हाला राग येतच नाही का? त्यांनी मला खुर्चीवर बसवलं.

"लुईच्या राज्यात सत्तर ठिकाणी टांकसाळी असतील. कुणी सरदार नाणं पाडतोय, कुणी बिशप, कुणी मठ. लुईनं काय केलं, एक हुकूम काढला. सरदाराचं नाणं सरदाराच्या हद्दीत चालेल. राजाचं नाणं सगळीकडे चालेल. माझं तसं आहे. मी तालुक्याच्या गावचं नाणं. तिथं चाललो बारा वर्षं. इथं राजाची हद्द."

"आणि सरदाराच्या नाण्यात चांदी जास्त असली तर?"

"तरी नाही चालणार."

"हा अन्याय आहे!"

"असेल. पण नाण्यानं स्वतःहून राजाचा ठसा मारून घ्यायचा नसतो. त्याला वेगळं नाव आहे, आणि त्याला शिक्षा होती. कढईत उकळायचे."

मी दार आपटून निघून आले. हा माणूस स्वतःवरच्या अन्यायाची बाजू मांडतो, तीही एका संताच्या नावानं! मला तेव्हा त्यांच्या लुईचासुद्धा राग आला होता.

मग ते पत्र आलं. लायब्ररीत काकांना एक उंच, वाकलेले पाकेहा, म्हणजे गोरे, आजोबा भेटले होते. दोघांना एकाच वेळी एकच पुस्तक हवं होतं. आजोबा शहरातल्या नाणेसंग्राहकांच्या मंडळाचे अध्यक्ष निघाले. त्यांनी लिहिलं होतं, आमच्या पुढच्या बैठकीत, शनिवारी दुपारी, तुम्ही फ्रेंच चांदीवर तासभर बोलाल का? तुमचा ग्रोही आणा, बघायला आवडेल.

काकांनी ते पत्र तराजूच्या खुंटीला लावलं. जुन्या कपड्यांच्या ऑप शॉपमधून टाय आणला. रोज संध्याकाळी कपड्यांच्या दोरीसमोर उभं राहून भाषणाची तालीम करायचे. माझे पोहायचे टॉग्ज आणि आईचे युनिफॉर्म मुकाट्यानं ऐकायचे. या देशात चार वर्षांत त्यांचं सलग पाच मिनिटं कुणी ऐकलं नव्हतं. आता एक तास ऐकणार होते. एका संध्याकाळी ते आईला म्हणाले, "ताई, मला काही नको. फक्त एकदा, मला जे येतं ते, ज्यांना कळतं त्यांच्यासमोर." आई भांडी विसळत होती, ती थांबली.

मी चौकशी केली. अध्यक्ष आजोबा म्हणजे निवृत्त सर्जन! डॉक्टरांच्या नोंदणीचं ठरवणाऱ्यांत त्यांची ऊठबस. मला दुसरं काय सुचणार. मी त्याच रात्री पत्रक लिहायला घेतलं. काकांचं नाव, फोटो, सगळं. फक्त 'बारा वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना' हे वाचून कोण हलणार? मी सकाळी विचारलं, "काका, कॉलेजात काही पदक वगैरे?"

"पोहण्यात ढाल मिळाली होती. फिरती होती. परत घेतली."

मी लिहिलं, 'सुवर्णपदक विजेते सर्जन.' मोठ्या अक्षरात. हेतू चांगला होता. हेतू चांगला असला की माणूस बेधडक काहीही लिहितो, हे मला आज दिसतं. गठ्ठा छापून आणला आणि माझ्या खोलीत ठेवला. काकांना दाखवला नाही.

त्याच आठवड्यात दिवाळी होती. इथं दिवाळी वसंतात येते. आठ वाजेपर्यंत उजेड जात नाही. पणत्या मांडून अंधाराची वाट बघत बसावं लागतं. आई काकांना म्हणाली, "डॉक्टर, तुमची चांदी द्या की पूजेला. आमची दोनच नाणी आहेत, ताट रिकामं दिसतं." काकांचा चेहरा उजळला. त्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाला तराजूची पूजा व्हायची. त्यांनी सातही नाणी रुमालात बांधून दिली, तराजूही दिला, आणि कामावर गेले.

मी रुमाल सोडला. आई म्हणाली, "अगं बाई, काळी ठिक्कर पडलीयत. अशी ठेवायची का लक्ष्मीपुढे?"

आता कुठल्याही मराठी घरात पूजेच्या सकाळी काय होतं? चांदी घासतात. मी आमच्या घरी ते सात वर्षांची असल्यापासून करतेय. दंतमंजन, जुना ब्रश, कोमट पाणी. मी ओट्यापाशी उभी राहिले आणि मनापासून घासलं. वाटलं, काकांना आनंद होईल. शनिवारी लख्ख नाणी घेऊन जातील. लहान नाणी आधी घेतली. ती फिकट, गुलाबीसर निघाली. मग मोठं घेतलं. क्रुसाची बाजू नुसती पुसली तरी चकाकली. उलटून किल्ल्याची बाजू घासायला लागले, आणि किल्ल्याच्या कळसावर लाल ठिपका आला.

मला वाटलं मळ आहे. जोर लावला. ठिपका पसरला. कळस लाल झाला, मग डावी भिंत, मग त्या बाजूची चार फुलं. मळ नव्हता तो. तांबं होतं. वर चांदीचा केसाएवढा पातळ मुलामा, आणि खाली नुसतं तांबं. माझा हात थांबला तेव्हा अर्धा किल्ला लाल होता, अर्धा काळा.

"हे काय केलंस गं," आई हळूच म्हणाली.

काका चार वाजता आले. ऊन चांगलं होतं, दाराशी मी उभी होते, तळहातावर नाणं. त्यांनी ते कडेनं उचललं. बराच वेळ बघितलं. मग, पहिल्यांदाच, नखावर घेऊन टिचकी मारली.

आवाज असा आलाच नाही. ओल्या लाकडावर मारल्यासारखं, ठप्प.

"हं," काका म्हणाले.

"काका, मी... मला माहीत नव्हतं..."

"मला होतं," ते म्हणाले. "डबा हलवला तेव्हाच सहाच वाजली होती. सातवं वाजलं नव्हतं. मी विचारलं नाही त्याला इतकंच." आणि हातपाय धुऊन पूजेला बसले. लाल-काळं नाणं त्यांनी स्वतःच्या हातानं ताटात ठेवलं, मधोमध, आणि कुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ते ते खोटं नाणं पाडणाऱ्याबद्दल बोलायला लागले. कुठे असेल तो, एखाद्या गावाबाहेर, नदीकाठी, शेगडीचा धूर धुक्यात लपवून बसलेला. "हात काय सुंदर असतील त्याचे! सापडला असता तर उकळला असता, तरी बारा फुलं बाराच काढलीयत. तेरा नाहीत, अकरा नाहीत. खोटं करतानासुद्धा त्यानं गिऱ्हाइकाला फुलं मोजू दिली." शनिवार जवळ येत होता. आजोबांनी ग्रो आणा म्हणून लिहिलं होतं, आणि काकांकडे ग्रो नव्हता. तांब्याची चकती होती.

मी उपाय काढला. मला उपाय लगेच सुचतात. "काका, क्रुसाची बाजू शाबूत आहे. काचेच्या डबीत क्रूस वर करून ठेवा. हातात द्यायचंच नाही. कुणाला कळणार?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, फार मायेनं. "पत्रकवाली," ते म्हणाले, "तुझे हात चांगले आहेत."

मला ते कौतुक वाटलं.

शनिवारी दोघं बसनं गेलो. चर्चच्या मागचा हॉल, चौदा-पंधरा म्हातारी माणसं, चहाची टाकी, लॅमिंग्टन केकचं ताट. काका टाय सारखा करत होते तेवढ्यात मी प्रत्येक खुर्चीवर एकेक पत्रक ठेवलं. त्यांनी पाहिलं. एक उचललं, वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

आणि मग ते बोलले. मी खूप सभा ऐकल्यात, पण तसं बोलणं पुन्हा ऐकलं नाही. आवाज न चढवता ते त्या सगळ्यांना धुक्यातून चालत शँपेन प्रांतातल्या जत्रेत घेऊन गेले. लोकरीचे गठ्ठे, सराफांची बाकं, बाकावर वाजणारी चांदी. संत राजा, देखणा नातू, दर वर्षी हलकं होत जाणारं नाणं. मग एक दिवस राजानं पुन्हा चोख नाणं सुरू केलं, घरमालकांनी जुनंच भाडं पण चोख नाण्यात मागितलं, आणि पॅरिस पेटलं. "खोटं आलं तेव्हा लोक कुरकुरले," काका म्हणाले, "खरं परत आलं तेव्हा दंगा झाला." छतावर पाऊस लागला होता. पुढच्या रांगेतल्या एका आजींचा चहा हातातच गार झाला.

तास संपला. अध्यक्ष आजोबा उठले, डोळ्याला भिंग लावून टेबलाशी आले. काकांनी डबी उघडली. क्रूस वर होता.

काकांनी नाणं उचललं आणि किल्ल्याची बाजू वर करून आजोबांच्या तळहातावर ठेवलं.

हॉलमध्ये कुणीतरी चुकचुकलं. "हे कुणी घासलं?" आजोबांनी विचारलं. त्या मंडळात नाणं घासणं म्हणजे मूर्तीवर हातोडा मारण्यासारखं होतं.

"माझ्या घरच्यांनी," काका म्हणाले. "आमच्याकडे देवापुढे ठेवण्याआधी चांदी स्वच्छ करतात. त्यामुळे कळलं, की ही चांदी नव्हे. त्या काळातलीच नक्कल आहे. तुम्हाला ग्रो दाखवतो म्हणालो होतो, माझ्याकडे ग्रो नाही. माफ करा."

आजोबा भिंगातून बघतच राहिले. "उत्कृष्ट नक्कल," ते पुटपुटले. मग त्यांचं लक्ष दुसऱ्या हातातल्या पत्रकाकडे गेलं. "तुम्ही सुवर्णपदक विजेते सर्जन आहात, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत."

मी टेबलाची कड धरली. एक 'हो' पुरेसा होता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. चार वर्षं, पेनरोज, प्लॅस्टिकची भेंडोळी, सगळं त्या एका शब्दाच्या पलीकडे होतं.

"तो पण मुलामा आहे," काका म्हणाले. "फार प्रेमानं दिलेला आहे. आत साधा तांब्याचा डॉक्टर आहे. ताप, खोकला, बाळंतपणं, विंचू. सर्जन नाही, पदक नाही. बारा वर्षं चाललो, माझ्या गावात."

मग त्यांनी खिशातलं पत्रक काढून टेबलावर ठेवलं, नाण्याशेजारी.

आजोबांनी पेन काढलं, आपल्या पत्रकातली ती ओळ खोडली, नीट, पट्टीनं मारल्यासारखी रेघ. उरलेलं पुन्हा वाचलं. घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. त्याचं पुढे त्यांनी काय केलं, मला माहीत नाही. काही केलं असेल तर ते आमच्यापर्यंत आलं नाही. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या महिन्यात या. खोट्या नाण्यांवर बोला. त्यावर आमच्यात कुणी बोलत नाही."

बसस्टॉपवर छप्पर गळत होतं. मी रडत होते, रागानं. कुणावर ते सांगता येत नव्हतं. या देशावर, त्या मंडळावर, लुईवर, दंतमंजनावर. "तुम्ही हो का नाही म्हणालात?" मी ओरडले. "खोटं माझ्या नावावर गेलं असतं, तुमचं काय गेलं असतं?"

काकांनी माझा हात घेतला, मनगट उलटं केलं, आणि दोन बोटं नाडीवर ठेवली. घड्याळाकडे बघत राहिले. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर थांबला. काकांनी दुसऱ्या हातानं त्याला जरा थांब म्हणून खूण केली. पूर्ण एक मिनिट.

"जोरात आहे," ते म्हणाले, "पण नियमित आहे. चल."

पुढच्या वर्षी ते हॅमिल्टनला गेले. तिथल्या 'ते रापा' भागात दूध पावडरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नमुने वजन करायचं काम मिळालं. डिग्री लागत नाही, हात स्थिर लागतो. तिथून त्यांची पोस्टकार्डं येतात. पुढे गाईंचा किंवा नदीचा फोटो, मागे दोन ओळी: 'फिलिपनं ज्यूंना हाकललं. त्यांची घरं लिलावात. इथं धुकं फार.' मंडळात ते अजून बोलतात, दर दोन महिन्यांनी बसनं येतात. परीक्षेचा अर्ज भरलाय असं मागच्या कार्डावर होतं. आमची पत्रकं अजून निघतात, अन्याय अजून तिथंच आहे, आणि मी त्याबद्दल लिहायचं सोडणार नाही. फक्त आता छपाईला देण्याआधी प्रत्येक विशेषणाला एक टिचकी मारून बघते.

ते अर्धं लाल, अर्धं काळं नाणं काका जाताना मला देऊन गेले. दर दिवाळीला ते ताटात असतं. आई दंतमंजनाचा डबा हातात घेऊन दरवर्षी विचारते, "हे राहिलेलं अर्धं घासायचं का गं?"

मी सांगते, "नको. झालंय घासून."

लिलीच्या फुलांमध्ये त्या पहिल्या पूजेचं कुंकू अजून अडकलेलं आहे. बोट ठेवून मोजली तर फुलं बाराच भरतात.